भयपटांची जडणघडण (भाग ७) : ‘कॅबिन फीव्हर’ आणि नळाचं पाणी

जंगलातलं लाकडी घर आणि तिथे सुटीसाठी आलेली पाच तरुण मुलं. सॅम रायमीच्या ‘द ईव्हिल डेड’पासून (१९८१) ही मांडणी भयपटाच्या प्रेक्षकांना पाठ झाली आहे. एली रॉथनं आपल्या पहिल्या चित्रपटासाठी तीच घेतली, मात्र भुताच्या जागी रोग आणला. ‘कॅबिन फीव्हर’चं चित्रीकरण नॉर्थ कॅरोलिनात झालं, खर्च आला सुमारे १५ लाख डॉलर. २००२च्या टोरांटो महोत्सवात लायन्सगेटनं तो विकत घेतला. पुढच्या वर्षी प्रदर्शित झाल्यावर त्यानं जगभरात तीन कोटी डॉलरच्या आसपास कमाई केली.

रॉथ तरुणपणी आइसलँडमध्ये एका घोड्यांच्या तबेल्यावर काम करत असताना त्याला त्वचेचा संसर्ग झाला होता. दाढी करताना वस्तऱ्याबरोबर कातडीही सुटून आली. चित्रपटातल्या सर्वांत गाजलेल्या प्रसंगाचा उगम तिथे आहे. मार्सी आंघोळीच्या टबात बसून पायांवरचे केस काढते आहे आणि पात्याखाली केसांसोबत कातडी निघते आहे. मोठा राक्षस उभा करायला पैसे नव्हते. जे होते ते रंगभूषेवर, या कातडीवर लावले गेले, आणि तो निर्णय अचूक ठरला.

पण माझ्या मते चित्रपटाची खरी ताकद पाण्यात आहे. आजारी पडलेला एक रानातला माणूस दारात येऊन मदत मागतो. मुलं घाबरतात, झटापट होते, तो पेटतो आणि पळत जाऊन पाणीसाठ्यात मरून पडतो. त्याच साठ्याचं पाणी घरातल्या नळाला येतं. हे आपल्याला कळलेलं असतं, मुलांना नसतं. त्यानंतर कुणी साधा पेला ओठाला लावला तरी प्रेक्षक खुर्चीत ताठ होतो. एवढ्या स्वस्तात एवढा ताण क्वचितच कुणी निर्माण केला असेल.

पहिली लागण कॅरेनला होते. कालपर्यंत तिच्यावर जीव टाकणारे मित्र तिला बाहेरच्या खोपटात कोंडतात. एक जण तर बिअर घेऊन, सगळ्यांना सोडून एकटाच निघून जातो. यातलं कुणीच दुष्ट नाही, म्हणून ते पाहवत नाही. आजाऱ्याला दाराबाहेर ठेवणारी घरं आपण कोविडच्या काळात पाहिली आहेत. त्यानंतर हा भाग पुन्हा पाहिला तर फार जवळचा वाटतो.

चित्रपटातल्या रोगासारखा खरा आजार आहे : नेक्रोटायझिंग फॅसायटिस. स्ट्रेप्टोकॉकससारखे जिवाणू बहुधा एखाद्या जखमेतून शिरतात आणि त्वचेखालच्या, स्नायूंवरच्या आवरणात झपाट्यानं पसरतात. सुरुवातीला वरून फारसं काही दिसत नाही, वेदना मात्र असह्य असतात. चित्रपटात नेमकं उलट आहे. तिथे कातडी गळते आणि दुखणं मागाहून कळतं. शिवाय हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याकडे क्वचितच जातो. तातडीनं मृत भाग कापून काढणं आणि प्रतिजैविकं देणं हाच उपाय. लाल होऊन झपाट्यानं पसरणारी, प्रमाणाबाहेर दुखणारी जखम असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

गावकऱ्यांचे विनोदी प्रसंग मला खटकतात. जमून आलेली भीती ते मध्येच सैल करतात.

आपल्याकडे आदित्य सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’नं (२०२२) संसर्गाची गोष्ट डोंबिवलीत आणली, आणि तिथेही मुळाशी पाणीच आहे. फरक एवढा की पाणी कुणाला मिळतं आणि कुणाला नाही, हा प्रश्न मराठी चित्रपट थेट विचारतो. रॉथच्या मुलांना तो पडलेलाच नाही.

पुढच्या भागात जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) : पिट्सबर्गजवळचं एक शेतघर, कृष्णधवल फिल्म आणि स्वामित्वहक्काची सूचना छापायची राहून गेल्यानं सगळ्या जगाच्या मालकीचा झालेला चित्रपट.