कापणीनंतरचे चार दिवस

राहुरी भागातल्या एका मळ्यात लसूणघासाची कापणी चालली होती. गोठ्यात चार म्हशी, दोन गाई, आणि त्यांच्यासाठी वीस गुंठे घास. थंडी ओसरत आली होती. विळा चालवता चालवता घरची बाई थांबली. ‘अहो, इकडं या जरा. हे बघा काय गुंतलंय.’ सुपाएवढ्या जागेत घासाच्या धाटांना पिवळ्या-केशरी दोऱ्यांनी वेढलं होतं.

अमरवेल.

या वेलीला नावापुरतीसुद्धा पानं दिसत नाहीत, आणि एकदा घासाला चिकटली की जमिनीतलं मूळही वाळून जातं. धाटात बारीक शोषकं रोवून ती घासाचंच पाणी नि घासाचीच साखर पिते. बियातून निघालेल्या कोवळ्या दोऱ्यापाशी शिदोरी थोडीच असते; काही दिवसांत झाड सापडलं नाही तर तो मरतो. पण तो आंधळेपणानं चाचपडत नाही. पेनसिल्वेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2006 साली दाखवून दिलं, की अमरवेलीचं रोप टोमॅटोच्या वासाच्या दिशेनं वाढतं.

शेतकऱ्याच्या मनात पहिल्यांदा तणनाशकाचाच विचार आला, आणि अडचणही तिथंच सुरू झाली. उसात, गव्हात रुंद पानाची तणं मारायला 2,4-डी चालतं, कारण ती पिकं गवतवर्गातली. घास स्वतःच रुंद पानाचा. त्यावर तेच औषध मारणं म्हणजे पीकच मारणं. ब्रिटनमधल्या वाय कॉलेजात लुई वेन यांनी 1950 च्या दशकात यावर सुंदर वाट काढली होती. त्यांच्या अभ्यासातून पुढं आलेलं 2,4-डीबी मुळात फारसं विषारी नसतं. तण आपल्याच पेशींत त्याचं 2,4-डी करून घेतं आणि मरतं. क्लोव्हर, घास यांसारख्या पिकांत हा बदल फार मंद होतो, म्हणून ती तगतात. पण ही युक्ती हिरव्या पानांच्या तणांसाठी. घासाच्याच अंगावर जगणाऱ्या वेलीचं काय करायचं?

तिला चिकटण्याआधी गाठायचं. त्यासाठी पेंडीमिथॅलिन.

डबा उघडला की नारिंगी-पिवळं द्रावण दिसतं, हाताला लागलं तर डाग सहज जात नाही. ते मातीच्या वरच्या थरात धरून राहतं आणि उगवत्या अंकुरातली पेशींची विभागणी थांबवतं. अंकुर फुगतो, लांबत नाही, घासापर्यंत पोचत नाही. आधीच विळखा घातलेल्या वेलीवर मात्र त्याचा उपयोग नाही. म्हणून सगळा खेळ वेळेचा. कापणीनंतर तीन-चार दिवस वाफा उघडा असतो, खुंटांवर पानं नसतात, औषध मातीवर पडतं. अमेरिकेत अशा वापरासाठी लेबलवरच अट असते, की घासाचा फुटवा सहा इंच होण्याआधी फवारावं. शिवाय घास पंचवीस-तीस दिवसांत पुन्हा विळ्याखाली येतो आणि त्याच संध्याकाळी गव्हाणीत पडतो. तणनाशकाच्या डब्यावर घासाचं नाव आहे का, आणि फवारणीनंतर चारा किती दिवस जनावराला द्यायचा नाही, हे न वाचता पंप भरणं म्हणजे दुधाशी खेळणं. मात्रेचा हिशोब त्यानंतरचा.

या मळ्यात आधी साध्या पाण्यानं पंप चालवून एका वाफ्याला किती पाणी लागतं ते मोजलं गेलं. सकाळी, वारा सुटायच्या आत, वाफसा असलेल्या जमिनीवर सपाट फवारा देणारं नोझल लावून काम सुरू झालं. गडी पाठमोरा मागं सरकत होता, म्हणजे फवारलेल्या थरावर पाय पडणार नाही. हातात मोजे, तोंडाला मास्क. नंतर हलकं पाणी दिलं. कोरड्या पृष्ठभागावर पडून राहिलं तर हे औषध उन्हानं नि हवेनं वाया जातं.

सुपाएवढा तो डाग वेगळा राखला होता. त्याच्या कडेपासून वीतभर बाहेरून, घासासकट, जमिनीलगत सगळं कापलं आणि जागच्या जागी वाळलं पाचट टाकून पेटवलं. त्यातली एक पेंढीही गोठ्यात गेली नाही. अमरवेलीचं बी जनावराच्या पोटातून जिवंत बाहेर पडतं, शेणखतातून पुन्हा शेतात येतं आणि मातीत दहा वर्षांहून जास्त टिकतं.

मग मूळ प्रश्न: ही आली कुठून? बहुधा बियाण्यातून. घास आणि अमरवेल, दोन्हीचे दाणे जवळपास सारखेच, चाळणीला फरक कळत नाही. बियाणं साफ करणाऱ्या कारखान्यांत त्यासाठी मखमली रूळ वापरतात: अमरवेलीचा खरखरीत दाणा मखमलीला अडकतो, घासाचा गुळगुळीत दाणा घसरून जातो. काही ठिकाणी लोखंडाची बारीक भुकटी मिसळून चुंबकानं खरखरीत दाणे ओढून घेतात. शेजाऱ्याकडून आणलेल्या सुट्या बियाण्याला यातलं काहीच लाभलेलं नसतं.

पंधरवड्यानं जळक्या डागातल्या खुंटांना हिरवे डोळे फुटले. बाईनं एकेक फुटवा बोटांनी चाळला. तिथं दोरा नव्हता. पाटाच्या कडेला, जिथं फवारा पोचला नव्हता, तिथं एक सापडला, अजून कशालाच न लागलेला. तिनं तो उपटला आणि बाकीची कड बघायला ती पुढं सरकली.