मनातले ओळखण्याची मर्यादा

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि नागपूरच का, याचे तर्क रंगले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ इथला, म्हणून हे शहर निवडले, असा एक तर्क होता. दुसऱ्याच दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी तो खोडून काढला: बौद्ध धम्माचा प्रसार करणारे नाग लोक या भागातले, म्हणून नागपूर. जे समोर दिसते त्यावरून दुसऱ्याचा हेतू ठरवणे ही मेंदूची रोजची रीत आहे. ती लहान मुलांतही दिसते: मानसशास्त्रज्ञ विमर आणि पर्नर यांनी १९८३ मध्ये मुलांना एक गोष्ट सांगितली. मॅक्सी बाहेर असताना आई त्याचे चॉकलेट निळ्या कपाटातून हिरव्या कपाटात ठेवते. परतल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांची मुले बहुधा हिरवे कपाट दाखवतात, कारण खरी जागा त्यांना स्वतःला ठाऊक असते. चार-पाचव्या वर्षी हे सुधारते.

पण स्वतःला ठाऊक असलेल्यावरून दुसऱ्याचे मन ओळखण्याची ही खोड मोठेपणीही पुरती जात नाही. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघण्याचा सल्ला आयाल, स्टेफेल आणि एप्ली या संशोधकांनी २५ प्रयोगांत तपासला. निष्कर्ष २०१८ मध्ये आले. त्या सल्ल्याने अचूकता वाढली नाही, सरळ बोलून विचारल्यावर मात्र वाढली. विचारल्यावर माणसे खोटेही बोलतात, हे खरेच. पण निदान बोललेले पडताळता तरी येते. तान्ह्या बाळाला किंवा वाचा गेलेल्या रुग्णाला कसे विचारणार, हा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. तिथे अंदाजाशिवाय गत्यंतर नाही, म्हणून तो दर थोड्या वेळाने चेहरा, श्वास, हालचाल बघून बदलायची तयारी हवी.