खरी वाटणारी जादू

'जादू' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दोन चित्रे उभी राहतात. एक रंगमंचावरचे, टोपीतून कबुतर काढणाऱ्याचे. दुसरे गावाच्या वेशीवरचे: लिंबू, टाचण्या, करणी, भानामती. पहिलीने करमणूक होते, दुसरीने घरे उद्ध्वस्त होतात. इंग्रजी कादंबरीत मात्र गेल्या शतकात जादूची एक तिसरी जात रुजली. या जादूत कोणी हवेत उडत नाही, छडीतून ठिणग्या निघत नाहीत, तरीही शेवटच्या पानावर काहीतरी बदललेले असते. मी इंग्रजी साहित्याचा रीतसर विद्यार्थी नव्हे. रद्दीतली आणि जुन्या बाजारातली पुस्तके वाचत या वाटेला लागलो. हाती लागले ते येथे मांडतो.

या जातीचा उत्तम नमुना म्हणजे डायॉन फॉर्च्यून यांची 'द सी प्रीस्टेस' (1938). लेखिकेचे खरे नाव व्हायोलेट फर्थ (1890–1946). तरुणपणी त्यांनी लंडनच्या एका मानसोपचार केंद्रात काम केले. पुढे गूढविद्येची स्वतःची संस्था काढली. या दोन्ही वाटा कादंबरीत एकत्र येतात. नायक विल्फ्रेड मॅक्सवेल लहानशा गावात घरे-जमिनींच्या व्यवहारांची पिढीजात पेढी चालवतो, घरात आई आणि बहीण, जोडीला दमा. एकदा घरात कडाक्याचे भांडण होऊन दम्याचा झटका येतो. औषधाच्या गुंगीत पडल्या पडल्या तो खिडकीतल्या चंद्राशी बोलू लागतो. जादूची सुरुवात ही अशी!

पुढे मॉर्गन नावाची गूढ स्त्री पेढीची अशील म्हणून येते. समुद्रात घुसलेल्या डोंगरसोंडेवरचा जुना किल्ला ती विकत घेते आणि दोघे मिळून त्याचे समुद्रमंदिर करतात. काम चालू असताना एक मुलगा समुद्रात बुडतो. समुद्राने आपला बळी घेतला, असे कथेत सूचित होते. पण निसरडा खडक आणि लाट एवढेही कारण पुरेसे असते. लेखिका निवाडा देत नाही. मॉर्गन निघून जाते. विल्फ्रेड मॉली नावाच्या साध्या मुलीशी लग्न करतो आणि किल्ल्यावर शिकलेले संसारात उतरते. 'चमत्कार' झाला असेल तर तो एवढाच: एक कोंडलेला माणूस मोकळा झाला.

यातून या लेखनाचे व्याकरण दिसते. एक, जादू जागेला बांधलेली असते: ठरावीक खडक, ठरावीक भरती, चंद्राची ठरावीक कला. दोन, तिला तयारी लागते. भिंती रंगवाव्या लागतात, मन शिस्तीत आणावे लागते. तीन, तिची किंमत मोजावी लागते. चार, प्रत्येक घटनेला दोन स्पष्टीकरणे असतात आणि दोन्ही अखेरपर्यंत टिकतात. यांतले एक जरी खोडले, तर उरते ती परीकथा किंवा रुग्णाची टिपणे.

फॉर्च्यून यांच्यानंतर कादंबरीला वेगळीच कामगिरी मिळाली. जेराल्ड गार्डनर (1884–1964) हे मलायात कस्टम्समध्ये नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ. 1949 साली त्यांनी 'हाय मॅजिक्स एड' ही मध्ययुगीन इंग्लंडमधली कादंबरी 'स्किरे' या टोपणनावाने छापली. तीत चेटकिणींचे दीक्षाविधी आहेत. कथेचा आडोसा कशाला? तर 1735 चा कायदा तेव्हा लागू होता. हा कायदा चेटूक खरे मानून शिक्षा करीत नसे. आपल्याला असली शक्ती आहे, असा दावा करणाऱ्याला शिक्षा करी. 1951 मध्ये तो रद्द झाला, त्या जागी भोंदू माध्यमांची फसवणूक रोखणारा कायदा आला, आणि 1954 मध्ये गार्डनर यांनी 'विचक्राफ्ट टुडे' स्वतःच्या नावाने काढले. 'विका' हा आधुनिक पेगन धर्म त्यातून वाढला. हा प्राचीन धर्मच टिकून राहिला आहे, हा त्यांचा दावा मार्गारेट मरे यांच्या सिद्धान्तावर उभा होता. इतिहासकारांनी तो नाकारला आहे.

अमेरिकेत तर गंगा उलटी वाहिली. रॉबर्ट हाइनलाइन यांची 'स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड' ही विज्ञानकादंबरी 1961 ची. तिच्यातला पाणी वाटून पिण्याचा विधी उचलून 1962 मध्ये काही विद्यार्थ्यांनी खरोखरचा पंथ सुरू केला, आणि तो पुढे पेगन चळवळीत सामील झाला. कल्पित म्हणून लिहिलेले माणसे जगू लागली.

येथे मला आपले अंगण आठवते. 20 ऑगस्ट 2013 रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. हा कायदाही जादू खरी मानत नाही. जादूच्या नावाने फसवणूक, छळ आणि दहशत करणाऱ्याला तो पकडतो. एखाद्या बाईला करणी करणारी ठरवून छळणे हा आता गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये लेखकाने कथेचा आडोसा घेतला तो कायद्याच्या भीतीने. आपल्याकडे प्रश्न भीतीचा नाही, जबाबदारीचा आहे.

मग मराठीत अशी कादंबरी लिहू नये काय? मला वाटते, जरूर लिहावी. चौथा नियम मात्र सोडू नये. दुसरे स्पष्टीकरण शाबूत ठेवणारा लेखक वाचकाला विचार करायला जागा ठेवतो; भोंदू नेमकी तीच जागा बंद करतो. आणि जादूने काय बदलावे, तर जादू करणाऱ्याचे स्वतःचे मन. शेजारणीची म्हैस आटली, ही विल्फ्रेडच्या जातीची जादू नव्हे. ती आळातून एखाद्या म्हातारीच्या दारापर्यंत जाते, आणि तिथे कादंबरी संपलेली असते.