श्रद्धा आणि प्रचार

धर्मप्रसारासाठी प्रचारतंत्र वापरावे काय, या प्रश्नाला बोर्दो विद्यापीठातील फ्रेंच प्राध्यापक जाक एल्युल (१९१२-१९९४) यांनी स्पष्ट नकार दिला होता. ते स्वतः श्रद्धावान प्रॉटेस्टंट होते. म्हणूनच या नकाराचे मोल अधिक.

श्रद्धेची किंमत त्यांनी मोजली होती. १९४० मध्ये व्हिशी सरकारने त्यांना अध्यापनातून काढून टाकले, तेव्हा पत्नी यव्हेत यांच्यासह मार्त्र या खेड्यात शेती करीत त्यांनी ज्यूंना साहाय्य केले. याद वाशेम संस्थेने त्याचा गौरव केला तो २००१ मध्ये, मरणोत्तर.

प्रचारावरील त्यांचा ग्रंथ १९६२ चा. प्रचार केवळ असत्यावर चालत नाही, खरी माहितीही त्याला पुरते. आणि त्याला सर्वांत आधी वश होतो तो सुशिक्षित, असे त्यांचे प्रतिपादन. कारण तो पडताळता न येणारी पुष्कळ माहिती साठवितो, प्रत्येक प्रश्नावर आपले मत असावे असे मानतो आणि आपण फसणार नाही, अशी त्याची खात्री असते. वृत्तपत्र वाचणाऱ्या (आणि लिहिणाऱ्या!) मंडळींना हे झोंबावे.

चर्चपुढचा पेच त्यांनी याच ग्रंथात मांडला. प्रचार टाळावा, तर लोक दुरावतात. करावा, तर लोक येतात, पण प्रचाराने पसरलेला ख्रिस्ती धर्म हा ख्रिस्ती धर्मच उरत नाही. मग प्रवचन कोठे संपते आणि प्रचार कोठे सुरू होतो? ही सीमारेषा एल्युल यांनी पुरेशी स्पष्ट केली, असे आम्हांस वाटत नाही. स्वतः ते मात्र पेसाक येथील राहत्या घरी लहानशी उपासनामंडळी भरवीत.