भुताच्या गोष्टीतला पुरावा

भूतबाधेच्या चित्रपटात तर्कसंगती शोधावी काय, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक लोक हसून देतात. मेलेल्याचा आत्मा जिवंताच्या अंगात शिरतो हे एकदा मान्य केल्यावर पुढे तर्काच्या गोष्टी कशाला, असा त्यांचा युक्तिवाद असतो. हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसला, तरी तो खरा नव्हे. बुद्धिबळाच्या पटावरील उंट तिरकाच का चालतो, असे कोणी विचारीत नाही. परंतु डाव रंगात आला असता तो अकस्मात सरळ चालू लागला, तर समोरचा माणूस पट उधळून उठतो. अशक्य गोष्ट गृहीत धरण्याची सवलत कथाकाराला एकदाच मिळते. त्यानंतर त्याच्यावरील बंधने वाढतात, कमी होत नाहीत.

दक्षिण कोरियातील भूतबाधेच्या चित्रपटांविषयी गेली काही वर्षे प्रेक्षकांत जो वाद चालतो, त्याचे मूळ येथे आहे. जांग जे-ह्यून या दिग्दर्शकाने २०१५ च्या ‘द प्रीस्ट्स’ या चित्रपटात पछाडलेल्या मुलीच्या अंगातील सैतान एका कॅथलिक धर्मगुरूकरवी आणि त्याच्या मदतनिसाकरवी डुकराच्या पिलात उतरविला आणि ते पिलू हान नदीत बुडवावयास लावले. त्याच्याच २०२४ च्या ‘एक्सह्यूमा’मध्ये थडग्यातून उठलेल्या जपानी योद्ध्याचा नाश पंचतत्त्वांच्या परस्परविरोधाचा हिशोब मांडून केला जातो. या दोन्ही ठिकाणी नियम सांगितले जातात आणि पाळलेही जातात. प्रेक्षक भितो, पण गोंधळत नाही. खरा वाद आहे तो ना होंग-जिन यांच्या २०१६ च्या ‘द वेलिंग’ या चित्रपटाविषयी. सुमारे अडीच तासांच्या या चित्रपटाअखेर दोषी कोण, हेच अनेकांना कळत नाही. दिग्दर्शकाने आपणांस फसविले, अशी त्यांची तक्रार आहे. तिचा विचार कथानक उघड केल्यावाचून करता येणार नाही.

तीन साक्षी, तीन निदाने

चित्रपटाचे कोरियन नाव ‘गोकसंग’. दक्षिण जिओला प्रांतातील एका डोंगराळ परगण्याचे हे नाव. परंतु निराळ्या चिनी अक्षरांत लिहिले असता त्याच उच्चाराचा अर्थ ‘आक्रोश’ असा होतो. या भागातील एका गावात माणसे अंगावर पुरळ उठून भ्रमिष्ट होतात आणि आपल्याच कुटुंबीयांचे मुडदे पाडतात. सरकारी निदान असे, की हा विषारी अळंब्यांचा परिणाम आहे. गावाचे निदान निराळे: डोंगरात एकटा राहणारा जपानी म्हातारा हेच अरिष्टाचे मूळ. १९१० ते १९४५ अशी पस्तीस वर्षे जपानची सत्ता सोसलेल्या देशात हा संशय रुजण्यास पुराव्याची फारशी गरज लागत नाही.

जोंग-गू हा भित्रा, सुस्त पोलीस प्रथम या वदंतेला हसतो. पुढे त्याच्या लहानग्या मुलीलाच बाधा होते आणि तो इल-ग्वांग या मांत्रिकाला बोलावतो. कोरियात अशा व्यक्तीला ‘मुदांग’ म्हणतात आणि तिच्या विधीला ‘गुत’. ढोल-झांजांच्या गजरात अंगात देव येणे, बळी देणे, बाधा उतरविणे हे सारे त्यात असते. आपल्याकडील देवऋषी पाहिलेल्या वाचकास ते अगदीच अपरिचित वाटू नये. मांत्रिक जपान्याकडे बोट दाखवितो. गावात अवचित दिसणारी शुभ्रवस्त्रा स्त्रीही प्रथम तेच सांगते. पुढे मात्र मांत्रिक त्या स्त्रीलाच पिशाच ठरवितो आणि ती मांत्रिकाला जपान्याचा साथीदार म्हणते. जोंग-गू चर्चमध्ये जातो, तेव्हा धर्मगुरू त्याला एवढेच विचारतो, की तू हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेस काय?

फसवणूक कोणी केली?

तक्रारदारांचा सारा रोख मध्यावरील विधीच्या प्रसंगावर आहे. इकडे मांत्रिक लाकडी खांबात खिळे ठोकीत आहे. तिकडे जपानी आपल्या झोपडीत स्वतःचा विधी करीत आहे. मध्ये मुलगी तडफडत आहे. हे तिन्ही तुकडे आलटून पालटून दाखविले जातात आणि मांत्रिक जपान्यावर घाव घालीत आहे, असे आपण समजतो. परंतु अखेरीस मांत्रिकाच्या हातून छायाचित्रांची पेटी सांडते आणि मृतांची छायाचित्रे बाहेर पडतात. तो त्याच टोळीतला निघतो. मग तो विधी कोणावर होता?

हा प्रसंग पुन्हा सावकाश पाहावा. खिळ्यावर घाव पडतो, तेव्हा तळमळते ती मुलगी. जपान्यासमोर छायाचित्र आहे ते एका मृत माणसाचे. म्हणजे ते दोघे परस्परांशी झुंजत होते, असे चित्रपटाने कोठेही सांगितलेले नाही. दोन घटना शेजारी मांडल्या गेल्या आणि कार्यकारणाचा धागा आपण ओवला. मांत्रिकाचे ढोल मोठे होते, त्याचा आवेश खरा वाटला, आणि म्हातारा परका होता. एवढ्या भांडवलावर आपण निकाल दिला. गावानेही याहून अधिक काही केले नव्हते.

याचा अर्थ सारे धागे जुळतात, असा नव्हे. ती स्त्री रक्षणकर्ती असेल, तर मृतांचे कपडे तिच्या अंगावर आणि मुलीची केसातली पिन तिच्याजवळ का, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. जपान्याच्या घरातही मृतांच्याच वस्तू होत्या. तोच पुरावा एकाला दोषी ठरवितो आणि दुसऱ्याला ठरवीत नाही, हा न्याय विचित्र होय. परंतु जोंग-गूपुढील पेचही नेमका हाच आहे. कोंबडा तीनदा आरवेपर्यंत घरात पाऊल टाकू नको, असे ती स्त्री सांगते. त्याला ती पिन दिसते, विश्वास उडतो आणि तिसऱ्या आरवण्याआधीच तो धावत सुटतो. घरी पोहोचतो तेव्हा सर्व संपलेले असते. आपण त्याच्या जागी असतो, तर थांबलो असतो काय? पुरावा अपुरा होता आणि मुलगी घरात होती.

कोड्याला उत्तर हवे, ही प्रेक्षकाची मागणी रास्त आहे. तथापि कथेने न्याय्य वागणे आणि कथेने उत्तर देणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. ‘द वेलिंग’ दुसरी मागणी नाकारतो, पहिली बहुतांशी पाळतो. त्याचा सर्वांत प्रामाणिक क्षण मांत्रिकाच्या गजरात नाही. तो रात्रीच्या गल्लीतील एका लहानशा वादात आहे. माझ्याच मुलीच्या वाट्याला हे का, असे जोंग-गू विचारतो. तिच्या बापाने दुसऱ्यावर संशय घेतला आणि अखेर त्याला मारले, हे पाप त्याला कारण, असे ती स्त्री म्हणते. तो कळवळून सांगतो, की नाही, आधी माझी मुलगी आजारी पडली, बाकीचे त्यानंतर घडले. कालक्रमाच्या दृष्टीने बाप खरे बोलत आहे. जपान्याच्या घरावरील चाल आणि त्याचा बळी, हे दोन्ही मुलीच्या आजारानंतरचे. तरीही एक माणूस गावगप्पांच्या आधारे मारला गेला आणि त्याचे प्रेत कड्यावरून खाली लोटले गेले, हे खोटे ठरत नाही. पुढे तो म्हातारा सैतानच निघाला, म्हणून मारणाऱ्यांचा निर्णय योग्य होता, असेही म्हणता येत नाही. कारण मारताना त्यांना ते ठाऊक नव्हते.

तर्काची चूक शोधणाऱ्यांनी या जागी अवश्य थांबावे. बापाच्या प्रश्नाला त्या स्त्रीकडे उत्तर नाही आणि दिग्दर्शकानेही तिच्या तोंडी ते घातलेले नाही. तिकडे कोंबडा आरवतो आणि हातात असलेल्या पुराव्यावर त्याला पाऊल उचलावे लागते.