डिलीट झाली, पण गेली कुठं?

बडनेरा जंक्शनवर गाडी लेट? मग लिनक्सवाला लॅपटॉप काढा. दुसरी कॉपी जपून ठेवलेला एखादा सिनेमा लावा आणि मारामारी रंगात आली की टर्मिनलमध्ये 'आरएम' मारून ती फाइल उडवा. फोल्डर रिकामं, सिनेमा चालूच! (ट्रॅशमध्ये टाकाल तर मजा नाही राजेहो, तिथं फाइल नुसती डबा बदलते.)

माहीत आहे का? युनिक्स घराण्यात फाइल उडवणारा सिस्टिम कॉल 'अनलिंक' आहे, थेट १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलपासून. तो फक्त नाव खोडतो. चार्टवरून नाव गेलं, पॅसेंजर सीटवरच! फाइलला उरलेली नावं किती आणि ती उघडून बसलेले प्रोग्रॅम किती, हे दोन्ही आकडे शून्य झाले, की मगच जागा सुटते.

यातूनच सर्व्हरवाल्यांची झोप उडते. डिस्क फुल्ल! रात्री कुणीतरी भली मोठी लॉग फाइल उडवतो, तरी डिस्क फुल्लच. जागा मोजणाऱ्या दोन कमांड भांडतात: 'डीयू' म्हणतं जागा आहे, 'डीएफ' म्हणतं नाही. भांडण खरं, पण दोघंही खरं बोलतात! 'डीयू' नावं मोजत फिरतं, 'डीएफ' ब्लॉक. चोर पकडायचा तर 'एलएसओएफ' कमांडला '+एल१' जोडा. बिननावाच्या उघड्या फाइली रांगेत उभ्या. प्रोग्रॅम रीस्टार्ट केला, की जीबीच्या जीबी मोकळे.

पण थांबा! कामाची फाइल चुकून उडाली असेल तर रीस्टार्ट अजिबात नको. लिनक्सच्या 'प्रॉक' फोल्डरमध्ये, ती उघडून बसलेल्या प्रोग्रॅमच्या प्रोसेस नंबरखाली 'एफडी' फोल्डर असतं. तिथं जुन्या नावापुढे कंसात 'डिलीटेड' दिसेल. तिथूनच कॉपी मारा. फाइल परत!

माहीत आहे का? लिनक्सवरचा फ्लॅश प्लेअर व्हिडिओची टेम्पररी फाइल उघडून लगेच अनलिंक करायचा. पोट्टे कुठं ऐकतात? त्यांनी याच 'एफडी'तून व्हिडिओ उचलले.

विंडोजचा स्वभाव उलटा. 'फाइल वापरात आहे' म्हणत बहुतेकदा सरळ नकार. नेटवर्कवरून फाइली वापरू देणारं एनएफएस तर त्याहून नाटकी: उघडी फाइल उडवा, ती '.एनएफएस'नं सुरू होणारं विचित्र नाव घेऊन तिथंच लपते. या युक्तीचं खरंखुरं नाव? 'सिली रिनेम'!

आणि ऐन वेळी बत्ती गुल झाली तर? लिनक्सची फाइल सिस्टिम एक्स्ट-४ अशा बिननावाच्या उघड्या फाइलींची 'ऑर्फन' यादी डिस्कवरच ठेवते. लाइट आली, डिस्क माउंट झाली, की यादीतल्या सगळ्या साफ.