नकाशावरील छायाचित्रे आणि स्वयंसेवकाचा मोबदला

परगावी प्रथमच जाणारा मनुष्य पूर्वी एस. टी. स्थानकावर उतरला की पानाच्या ठेल्यावर पत्ता विचारीत असे. आज तो हातातील मोबाइलवर नकाशा उघडतो. या नकाशात केवळ रस्ते आणि अंतरे नसतात. शाळेचे फाटक, आरोग्य केंद्राच्या पायऱ्या, ओढ्यावरील फरशी पूल, दुकानाची पाटी यांची छायाचित्रेही त्यात पाहावयास मिळतात. रात्रीच्या वेळी रुग्णाला घेऊन निघालेल्या जीपच्या चालकाला फरशी पुलाचे छायाचित्र किती उपयोगी पडते, हे पावसाळ्यात वाट अडणाऱ्या गावांना सांगावयास नको.

ही छायाचित्रे काढणारी माणसे बहुतांशी कोणाची नोकर नसतात. कोणी विद्यार्थी असतो, कोणी दुकानदार, कोणी निवृत्त शिक्षक. आपल्याला ठाऊक असलेली जागा इतरांनाही सापडावी एवढ्याच इच्छेने ती हे काम करतात. परंतु त्यांच्या या कामावर उभे राहिलेले नकाशे आज मोठ्या व्यवसायाचे साधन झाले आहेत. त्यामुळे या स्वयंसेवकांना छायाचित्रांचा मोबदला मिळावा की नाही, हा प्रश्न उपस्थित होतो. ग्रामपंचायती, शाळा आणि कार्यालये यांच्याकडूनही आता अशा छायाचित्रांची अपेक्षा केली जाऊ लागल्याने हा प्रश्न केवळ कंपन्यांपुरता राहिलेला नाही.

छायाचित्र नकाशावर कसे जाते

मोबाइलमधील उपग्रहाधारित यंत्रणा छायाचित्र काढतेवेळी त्या जागेचे अक्षांश-रेखांश टिपून ठेवते. त्यामुळे ते नकाशावर आपल्या नेमक्या जागी बसविता येते. गूगल मॅप्स ही सेवा २००५ मध्ये सुरू झाली आणि २०१५ मध्ये तिने ‘लोकल गाइड्स’ नावाची स्वयंसेवकांची योजना काढली. या योजनेत छायाचित्राला पाच गुण आणि लेखी अभिप्रायाला दहा गुण मिळतात. एक लाख गुण झाले की स्वयंसेवक सर्वांत वरच्या, म्हणजे दहाव्या पायरीवर पोहोचतो. गुणांचे रुपयांत मात्र रूपांतर होत नाही. आरंभीच्या काळात वरच्या पायरीवरील स्वयंसेवकांना संगणकीय साठवणीची जागा मोफत दिली जात असे. पुढे ती सवलतही थांबली.

दुसरा मार्ग इंग्लंडमध्ये २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपचा होय. हा नकाशा कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. त्यातील माहिती मूळ स्रोताचा उल्लेख करून व परवान्याच्या अटी पाळून कोणालाही विनामूल्य वापरता येते. त्याला पूरक ठरलेली रस्त्यांवरील छायाचित्रे प्रामुख्याने मॅपिलरी या संग्रहातून येतात. स्वीडनमध्ये २०१३ साली स्थापन झालेला हा उपक्रम २०२० मध्ये फेसबुकने विकत घेतला, तथापि छायाचित्रांचा खुला परवाना कायम राहिला.

पगारी माणसांनी रस्त्यांची छायाचित्रे घेण्याची पद्धतही आहेच. भारतात अशा सर्वेक्षणास दीर्घकाळ अनुमती नव्हती. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र शासनाने भू-स्थानिक माहितीविषयीचे नियम सैल केले आणि रस्त्यांचे छायाचित्र-सर्वेक्षण भारतीय संस्थांसाठी खुले झाले. त्यानंतर जुलै २०२२ मध्ये मुंबईची जेनेसिस इंटरनॅशनल आणि टेक महिंद्र यांच्या साहाय्याने गूगलची ‘स्ट्रीट व्ह्यू’ सेवा दहा शहरांत सुरू झाली. त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ही होती. अशी कॅमेरा लावलेली गाडी हमरस्त्याने जाते. वाडीवस्तीची पायवाट, शाळेमागचा हातपंप वा दवाखान्याचा उतरता चौथरा यांपर्यंत पोहोचतो तो गावातलाच मनुष्य.

मोबदला मागणाऱ्यांची बाजू

नकाशाची सेवा देणारी कंपनी सामान्य माणसाकडून पैसे घेत नाही हे खरे. परंतु इतर व्यावसायिकांनी आपल्या संकेतस्थळांवर नकाशा वा जागांची छायाचित्रे ठरावीक मर्यादेपलीकडे वापरली की त्यांना आकार भरावा लागतो. शिवाय जाहिरातींचे उत्पन्न आहेच. छायाचित्राची मालकी कागदोपत्री स्वयंसेवकाकडेच राहते. कंपनीला मात्र ते जगभर विनामूल्य वापरण्याचा परवाना मिळतो. म्हणजे झाड शेतकऱ्याच्या नावावर, फळ मात्र दुसऱ्याच्या पाटीत, अशी ही व्यवस्था आहे.

पॅनोरामिओ या संकेतस्थळाचा अनुभवही या संदर्भात ध्यानात घेण्याजोगा आहे. स्पेनमध्ये २००५ साली निघालेल्या या संकेतस्थळावर जगभरच्या हौशी छायाचित्रकारांनी ठिकठिकाणची छायाचित्रे जमविली. गूगलने ते २००७ मध्ये घेतले आणि २०१६ मध्ये बंद केले. लोकांनी वर्षानुवर्षे उभारलेला हा संग्रह चालू ठेवावा की नाही, हे ठरविण्यात त्या लोकांचा काहीच अधिकार नव्हता.

तेव्हा लाभ होतो तेथे वाटाही असावा, हे म्हणणे सकृद्दर्शनी न्याय्य वाटते. अडचण येते ती वाटा नगावर मोजू लागल्यावर.

नगावर दाम दिल्यास काय होते

नकाशातील छायाचित्राचे मोल ते खरे, ताजे आणि गरजेच्या जागेचे असण्यात आहे. दर छायाचित्रामागे रक्कम ठरली की काढणाऱ्याचे लक्ष संख्येकडे वळते. एकाच दुकानाची पाटी पाच बाजूंनी टिपणे सोपे, आणि बाजारपेठेत अर्ध्या तासात शंभर छायाचित्रे होतात. डोंगरापलीकडच्या पाड्यावर दिवस मोडून तीनच मिळतात. त्यामुळे जेथे छायाचित्रे मुळातच विपुल, तेथे ती आणखी वाढतात, आणि जेथे एकही नाही ती जागा तशीच राहते. खोटी व जुनी छायाचित्रे वगळण्यासाठी पुन्हा तपासणीस नेमावे लागतात, तो खर्च वेगळाच.

रक्तदानाच्या क्षेत्रात हा प्रश्न पूर्वीच चर्चिला गेला आहे. ब्रिटनमधील समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्वेच्छेने दिलेले आणि विकत घेतलेले रक्त यांची तुलना केली. पैशांसाठी रक्त देणारा आपले दुखणे लपवितो आणि त्यामुळे विकतचे रक्त अधिक धोक्याचे ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. भारतातही सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानुसार १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्याची प्रथा बंद करण्यात आली. छायाचित्र म्हणजे रक्त नव्हे. चुकीच्या छायाचित्राने सहसा कोणाचा जीव जात नाही. तरीही देणाऱ्याच्या सचोटीवर ज्या वस्तूचा दर्जा अवलंबून असतो, तिच्यावर दामाचा काय परिणाम होतो हे या उदाहरणातून दिसते.

रोख रकमेऐवजी बक्षिसे ठेवल्यानेही गुंतागुंत टळत नाही. गूगलने फेब्रुवारी-मार्च २०१३ मध्ये भारतात ‘मॅपेथॉन’ नावाची स्पर्धा घेतली आणि आपापल्या परिसराची माहिती नकाशात भरणाऱ्यांसाठी टॅबलेट, स्मार्टफोन अशी बक्षिसे जाहीर केली. १७६७ पासून देशाचे नकाशे तयार करणाऱ्या भारतीय सर्वेक्षण विभागाने, पूर्वपरवानगीशिवाय ही स्पर्धा झाल्याबद्दल पोलिसांकडे तक्रार केली आणि प्रकरण पुढे केंद्रीय अन्वेषण विभागापर्यंत गेले. बक्षिसाच्या ओढीने माहिती भरणाऱ्या तरुणाला कोणती जागा नकाशात दाखवू नये याचे भान असेलच, असे गृहीत धरता येत नाही.

सरळ मोबदला देणारी व्यवस्थाही अलीकडे निघाली आहे. हाइवमॅपर या अमेरिकी उपक्रमात २०२२ पासून मोटारीला कॅमेरा लावून छायाचित्रे पाठविणाऱ्यांना आभासी चलन मिळते. परंतु कॅमेरा आधी स्वतःच्या पैशाने घ्यावा लागतो, आणि मिळालेल्या चलनाचा भाव बाजारानुसार वरखाली होतो. अशा व्यवहाराला स्वयंसेवा म्हणण्यापेक्षा जोखमीचा जोडधंदा म्हणणे अधिक योग्य.

काम कोणाच्या सांगण्यावरून झाले?

तेव्हा मोबदला द्यावा की न द्यावा, या प्रश्नाचे उत्तर छायाचित्रात शोधून सापडत नाही. ते काढण्याचा निर्णय कोणाचा होता, हे पाहावे लागते. स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या सवडीने, हव्या त्या जागेचे छायाचित्र देणारा खरा स्वयंसेवक होय. अमुक तारखेपर्यंत अमुक पन्नास विहिरींची छायाचित्रे पाठवा, असे सांगितले गेले की ते काम होते, आणि कामाला दाम दिलाच पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात आकारास आलेल्या आणि १९७७ च्या कायद्याने बांधल्या गेलेल्या रोजगार हमी योजनेमुळे हा भेद महाराष्ट्राच्या चांगलाच परिचयाचा आहे. गावचा बंधारा श्रमदानाने बांधणारी माणसे हमीच्या कामावर मजुरीही मागत, आणि त्यात कोणाला विसंगती वाटली नाही.

‘स्वयंसेवक’ हा शब्द मजुरी टाळण्यासाठी वापरला जाण्याचा धोका येथेच असतो. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००५ पासून नेमलेल्या आशांना स्वयंसेविका म्हटले गेले आणि वेतनाऐवजी कामागणिक मोबदला ठरला. कामे वाढत गेली आणि मोबदल्यासाठी महाराष्ट्रातील आशांना २०२१ व २०२३ मध्ये संपावर जावे लागले. नकाशासाठी गावोगाव छायाचित्रे जमविताना शिक्षक, अंगणवाडी सेविका वा महाविद्यालयीन मुले यांच्यावर तोच भार स्वयंसेवेच्या नावाने येऊ देणे उचित नव्हे.

ई-पीक पाहणीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यातील शेतकरी मोबाइलवर आपल्या उभ्या पिकाचे छायाचित्र घेऊन पीकपेऱ्याची नोंद करू लागला. ती नोंद त्याच्याच सातबारावर चढते आणि लाभही त्यालाच होतो; म्हणून तेथे मोबदल्याचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु दुसऱ्यांच्या शेतांत हिंडून तेच काम करणाऱ्या सहायकाला पैसे देणे क्रमप्राप्त ठरते. छायाचित्र तेच, मोबाइल तोच. फरक काम कोणाचे आहे यात.

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये पगारी आणि बिनपगारी असे दोन्ही प्रकारचे लोक शेजारी शेजारी काम करतात. नेपाळमधील एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर जगभरच्या हजारो स्वयंसेवकांनी उपग्रह-चित्रांवरून तेथील घरे व वाटा नकाशात भरल्या, आणि त्यांनी कोणी पैसा मागितला नाही. दुसरीकडे मोठ्या कंपन्यांचे पगारी कर्मचारीही याच नकाशात दुरुस्त्या करतात. २०१८ पासून अशा संघटित कामासाठी मार्गदर्शक तत्त्वे आहेत: कोण कोणासाठी काम करीत आहे, हे उघड सांगावे, अशी त्यांत अपेक्षा आहे.

मोबदल्याचा कायद्याशीही संबंध आहे आणि तो बहुधा ध्यानात घेतला जात नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता ते काढणाराच असतो. परंतु कोणाच्या सांगण्यावरून व मोल घेऊन ते काढले असल्यास, आणि उलट करार नसल्यास, प्रथम मालक काढवून घेणारा ठरतो. म्हणजे पन्नास रुपये हाती पडताच गावातील तरुणाचा आपल्या छायाचित्रावरचा हक्क जाऊ शकतो.

ग्रामपंचायतींच्या विचारार्थ

गावाचा नकाशा छायाचित्रांसह पूर्ण करण्याचे काम एखाद्या ग्रामपंचायतीने हाती घेतल्यास रोख रकमेपेक्षा काही साध्या गोष्टी अधिक उपयोगी पडतील. इंटरनेटचा आणि प्रवासाचा खर्च पदरमोड न होता मिळावा. छायाचित्राखाली काढणाऱ्याची इच्छा असेल तरच त्याचे नाव असावे. गौरव करावयाचा तर तो गावाचा वा वॉर्डाचा व्हावा. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात २०००-०१ पासून बक्षीस गावाला देण्याची पद्धत पडली आणि माणसे शेजाऱ्याशी चढाओढ करण्याऐवजी शेजाऱ्याला सोबत घेऊन झाडू लागली. नियत कामासाठी कोणाला नेमले, तर त्याला दिवसाप्रमाणे मेहनताना द्यावा, नगाप्रमाणे नव्हे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून हे काम करवून घेताना ते भूगोलाच्या अभ्यासाचा भाग राहील हे पाहावे. मुलांचे चेहरे, घरांची अंतर्गत दृश्ये आणि पाणवठ्यावरील स्त्रिया छायाचित्रांत येणार नाहीत, याचीही खबरदारी आवश्यक आहे. २०२३ मध्ये संमत झालेल्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याचा रोख याच दिशेने आहे.

सर्व छायाचित्रांची एक प्रत, तारखेसह, ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी. नकाशाची सेवा उद्या बंद पडली किंवा तिच्या अटी बदलल्या तरी गावाचा संग्रह गावाकडे राहील. छायाचित्रे कोणत्या परवान्याने आणि कोणाला दिली, कोणाला किती मेहनताना मिळाला, आणि कोणी काहीच न घेता काम केले, याची नोंद मासिक सभेच्या इतिवृत्तात त्याच वेळी करून घेणे सोयीचे पडेल.